80 लिटरच्या सॅकच्या मालकांस खुले पत्र

भाऊ,

हे पत्र तुमच्या घरी पाठवता आलं असतं. पण तुमचं ओझं तुम्ही चारचौघांवर टाकलं, म्हणून उत्तरही चारचौघांतच देतो.

मुक्काम दोन रात्रींचा होता. भर पावसात, खालच्या पायवाटेने चिखलदऱ्याला चढायचं होतं. तुम्ही आणलंत काय? दोन जीन्स, अंगातल्या तिसरीशिवाय. अंथरायला पुरेल एवढा टर्किश टॉवेल. जादाचे बूट, सेंटचे डबे, चार्जरांचं भेंडोळं. वर गाणी वाजवायचा स्पीकर. 1974 पासून ज्या मेळघाटात वाघाला निवांतपणा मिळावा म्हणून माणसं राबताहेत, गावंच्या गावं उठून गेली, तिथे तुम्हाला गाणी ऐकवायची होती. कोणाला?

अर्ध्या वाटेवर तुम्ही दगडावर बसलात. तिथून पुढे ती सॅक एका कोरकू पोराच्या पाठीवर गेली. पायात प्लास्टिकची चप्पल, अंगाने तुमच्या निम्मा. त्याच्या मागून तुम्ही मोकळ्या हातांनी फोटो काढत चालत होता आणि म्हणालात, ‘त्यायले सवय असते.’ सवय! या एका शब्दासाठी हे पत्र लिहायला बसलो.

त्याच डोंगरातून 1803 च्या डिसेंबरात कर्नल स्टीव्हन्सनच्या इंग्रज फौजेने गाविलगडावर डागायच्या तोफा हातांनी ओढून नेल्या होत्या. आधी वाट तयार करायची, मग त्या वाटेने तोफ ओढायची, असे कित्येक दिवस. 15 डिसेंबरला त्यांच्या सेनापतीने, वेलस्लीने, गड घेतला. त्यांना किल्ला जिंकायचा होता, भाऊ. तुम्हाला त्या तीन जीन्सनी काय जिंकायचं होतं?

येताना आपली गाडी वलगाववरून आली. पेढी नदीचा पूल ओलांडला तेव्हा तुम्ही सॅकवर मान टाकून झोपला होतात. नाहीतर दाखवलं असतं. 20 डिसेंबर 1956 ला गाडगेबाबांना अमरावतीला नेत होते आणि इथेच, वलगावजवळ, पेढीच्या पुलावर त्यांनी प्राण सोडला. 1905 साली घर सोडलेला शेंडगावचा डेबूजी झिंगराजी जानोरकर पन्नासेक वर्षं महाराष्ट्रभर हिंडला. सामान किती? एक गाडगं, एक खराटा, हातात काठी, अंगावर चिंध्यांचं वस्त्र. त्या गाडग्यात जेवायचं, त्यातच पाणी प्यायचं आणि ऊन लागलं की तेच डोक्यावर पालथं घालायचं. एका वस्तूची तीन कामं. तुमच्या सॅकमधल्या किती वस्तूंनी एक तरी काम केलं? स्पीकर भिजला, सेंटचा डबा तसाच परत आला, टॉवेल ओला झाला तो शेवटपर्यंत ओलाच राहिला.

तुम्ही लगेच म्हणाल, बाबा संत होते, मी माणूस आहे, मला आराम लागतो. आराम मलाही लागतो. रात्री पाय कोरडे, पाठ गरम आणि पोटात काहीतरी असलंच पाहिजे, त्यात मी तडजोड करत नाही. बाबांनी स्वतः हाल सोसले, पण दुसऱ्याच्या आरामाकडे कधी पाठ फिरवली नाही. ज्यांना पंढरपुरात कोणी ओसरीवर उभं करत नव्हतं त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली. पुढे ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. नाशिक, देहू, आळंदी इथेही धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत आजही टाटा रुग्णालयात उपचाराला आलेली माणसं उतरतात. चालून आलेल्याला छप्पर आणि पाणी मिळालं, की त्याला घर पाठीवर आणावं लागत नाही. एवढं सगळं उभं केलं ते हातात गाडगं घेऊन फिरणाऱ्या माणसाने. आणि तुम्ही तुमचा आराम एका पोराच्या मणक्यावर बांधलात.

आता कामाचं बोलतो, कारण तुम्ही परत यावं असं मला मनापासून वाटतं.

जीन्स घरी ठेवा. सुकी असताना ती पाऊण किलोच्या आसपास भरते, भिजली की ओलं गोणपाट होते, आणि चिखलदऱ्याच्या धुक्यात दोन दिवस वाळत नाही. दिवसा भिजायला एक पातळ, लवकर वाळणारा जोड. रात्रीसाठी दुसरा, प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधलेला. तो मुक्कामाला पोचल्याशिवाय काही झालं तरी उघडायचा नाही. लोकरीचे मोजे जोडीभर जास्त आणा, त्याला माझी ना नाही; कोरड्या मोज्यांसारखं सुख डोंगरात दुसरं नाही. टॉवेलऐवजी पंचा: अंग पुसा, गळ्याला गुंडाळा, त्यातच भाकरी बांधा. उशी आणू नका, उरलेले कपडे पिशवीत कोंबले की झाली. खायला आईला दशम्या करायला सांगा, सोबत तिळाची चटणी. टिकतात, चवीला बिस्किटांना हरवतात आणि जातानाच संपत असल्याने उतरताना पाठ हलकी. पाण्याचा लिटर म्हणजे किलो, तेव्हा वाटेत कुठे भरता येईल ते आधी विचारून घ्या. जड वस्तू पाठीला लागून ठेवा आणि कमरेचा पट्टा आवळा, म्हणजे भार खांद्यावरून कमरेवर उतरतो. तुमचा पट्टा अख्ख्या वाटेत लोंबत होता. एवढी महाग सॅक घेतली, पण तो काहून दिला असतो ते विचारलं नाही.

सॅकही 80 लिटरची नको. जागा दिसली की हात भरतच राहतो. चाळीसची पुरे.

त्या पोराला तुम्ही हातावर किती ठेवले, ते मी पाहिलं आहे. रोजगार हमीवर दिवसभर माती उपसणाऱ्यालाही त्याहून जास्त मिळतं. राहिलेले पैसे माझ्याकडे द्या, मी पोचते करतो. त्याचं गाव मला ठाऊक आहे.

पुढल्या वेळी गाडी सुटण्याआधी सगळ्यांच्या सॅक काट्यावर चढतील, माझी पहिली. पाण्यासकट आठ किलो. त्यावर छटाकभर निघालं, तर ते तिथेच ठेवून जायचं. अंथरायला चटई मात्र चांगली जाड आणा, तिच्या वजनाला मी काही म्हणणार नाही.

तुमचा,
मागून चालणारा