मिलिलिटरची मिजास

भिलाईत ऑक्सिजन टनांत मोजतात. पोलाद कारखान्याच्या कन्व्हर्टरमध्ये तो फुंकला, की कार्बन जळतो आणि पोलाद तयार होते. ज्यांची हयात या हिशेबात गेली, ती निवृत्त मराठी काकामंडळी आता सकाळी मैत्री बागेकडे फिरताना मनगटावरच्या घड्याळात तोच वायू मिलिलिटरमध्ये मोजतात. शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते, तो आकडा; दर किलो वजनामागे, दर मिनिटाला!

"तुमचा किती आला?"

"३१."

"असं का? आमचा ३४."

त्यानंतरचा चहा ३१वाल्यांना गोड लागत नाही.

खरे तर श्वासातून किती ऑक्सिजन वापरला हे मनगटावरच्या घड्याळाला कळतच नाही. त्यासाठी तोंडाला मुखवटा बांधून ट्रेडमिलवर दमछाक होईस्तोवर पळावे लागते. घड्याळ चालण्याचा वेग आणि नाडी यांची सांगड घालून नुसता अंदाज बांधते. वेग तोच आणि ठोके कमी, तर आकडा वर. त्यामुळे रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणारे, म्हणजे ज्यांची नाडी गोळीनेच आवरलेली असते, ते बसल्या जागी अव्वल ठरू शकतात. काही घड्याळांत अशा औषधांची नोंद करायची सोय आहे. पण करतो कोण? वजनाच्या रकान्यातही लग्नातलेच वजन नांदते आहे. भागाकारात छेद लहान असलेला बरा.

जाणकार म्हणतात, तुलना स्वतःच्याच जुन्या आकड्याशी करा, तीही महिन्यामहिन्यांनी. सल्ला रास्त आहे. पण स्वतःला हरवायला मे महिन्यातल्या भिलाईत पहाटे पाचला कोण उठणार? त्याला शेजारीच लागतो.