शांतता, नाश्त्यासकट

आमचं घर डोंबिवलीत, रुळांपासून हाकेच्या अंतरावर. हाक ऐकू येत नाही, ती गोष्ट वेगळी. शेवटची कर्जत गेली की मालगाड्या सुरू होतात आणि त्या दमेपर्यंत दूधवाला येतो. घर घेताना मला मागच्या बाजूचा शांत ब्लॉक हवा होता. पण ही रुळांकडच्यासाठी अडून बसली. "स्टेशन जवळ पडतं," म्हणाली. दोन्ही ब्लॉक एकाच इमारतीत होते, हे माझ्या लक्षात यायला २१ वर्षं लागली.

म्हणून लग्नाच्या २३ व्या वाढदिवसाला मीच हट्ट धरला, कुठंतरी निवांत जागी जाऊ या. वेंगुर्ला तालुक्यातलं भोगवे ठरलं. एका अंगाला कर्लीची खाडी, तिच्यापल्याड देवबाग, समोर समुद्र आणि माडांच्या बागेत सहा खोल्यांचं हॉटेल. फोनवर मालककाका म्हणाले, "शांतता आसा, नाश्तो आसा. नेटवर्क तेवढो नाय."

कोकणकन्येनं सकाळी कुडाळला उतरलो. रिक्षावाल्यानं आरशातून आमच्या वयाचा अंदाज घेतला आणि विचारलं, "देवदर्शनाक इलास?" उत्तराची वाट न पाहता त्यानं परुळ्यात आदिनारायणाच्या देवळापाशी रिक्षा उभी केली. दर्शन घेऊनच शांततेत शिरलो.

शांतता होती, पण तिचं करायचं काय ते कळेना. मी खुर्ची टाकून ती ऐकत बसलो. तासाभरात वाटलं, आता कुणीतरी 'पुढील स्थानक' तरी जाहीर करावं. मोबाइलला दांडी मिळायची ती फक्त एका काजूच्या झाडाखाली, तीही समुद्राकडे पाठ केली तर. संध्याकाळी सहाही खोल्यांतली मंडळी त्या झाडाखाली ओरडून बोलत होती. शांततेसाठी चारशे-पाचशे किलोमीटर आलेल्या माणसांमुळे मला नाशिकच्या एका फ्लॅटचा भाव आणि एका चिरंजीवांचे बारावीचे मार्क कळले.

काकांनी ज्ञान दिलं, "भरती रोज पन्नासेक मिनटां उशिरा येता." मी हिला म्हणालो, "बघ, उशीर असला तरी नेम आहे. नाहीतर आपली लोकल!"

दिवस कलताना किनाऱ्यावर रापण लागली होती. जाळ्याची दोन टोकं धरून माणसं वाळूत पाय रोवून दोर ओढत होती. मीही हात लावला. वीस मिनिटांत तळहात सोलले, कंबर बोलायला लागली आणि जाळ्याआधी मीच वाळूवर आलो. पण ओढणाऱ्याला वाटा देण्याची इथली रीत. माझ्या हातात चार बांगडे पडले. २३ वर्षांत प्रथमच मी घरी काहीतरी कमावून आणल्यासारखा बायकोसमोर उभा राहिलो. काकींनी त्यांचं तिखलं केलं. भात, तिखलं, सोलकढी, पुन्हा भात. नऊ वाजता जो आडवा झालो, तो सकाळीच उठलो.

नाश्त्याला घावणे आणि खोबऱ्याचा रस. काकींनी विचारलं, "झोप लागली मां तुमका?"

"अहो, स्वर्ग! इतकी शांत रात्र जन्मात पाहिली नव्हती."

काकी गप्प झाल्या. शेजारच्या टेबलावरचे नाशिककर मात्र म्हणाले, "शांत? रात्रभर कुठलीतरी बोट घरघरत होती. मध्येच बंद पडायची. आता गेली म्हणून डोळा लागावा, तर दुप्पट जोरात सुरू!"

"आमच्या दारात लागल्यासारखो ट्रॉलर," काकी म्हणाल्या.

काका गंभीर झाले. "परराज्यातली हायस्पीड असतली. आमची मासळी अशीच ओरबाडून नेतत. आजच खात्याक फोन करतंय." ते चपला घालून काजूकडे निघालेसुद्धा. परक्या ट्रॉलरांवर मीही तावातावानं चार वाक्यं बोललो. कालपासून रापणीतला वाटेकरी होतो ना!

बायकोनं घावण्याचा तुकडा रसात बुडवला. "काका, खात्याला फोन नका करू. ती बोट आमचीच. नोंदणी डोंबिवलीची."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. झाडावरचा कावळाही ओरडायचा थांबला. मला हवी होती ती शांतता मिळाली ती एवढीच.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" खोलीत आल्यावर मी विचारलं.

"बोलायचं कशाला? उपाय केला होता ना. तुम्हाला काय वाटलं, रुळांकडचा ब्लॉक मी स्टेशनसाठी घेतला?"

दुसऱ्या रात्री लोकलाजेस्तव मी पडवीत जागत बसलो. दूर वेंगुर्ला रॉक्सचं दीपगृह ठरल्या वेळी डोळा मिचकावत होतं, जणू त्यालाही बातमी कळली होती. भरती आली, कालच्यापेक्षा उशिरा. खोल्यांमधून मंडळी निर्धास्त झोपली होती आणि तीन नंबरच्या खोलीतून नाशिककरांचं घोरणं ऐकू येत होतं. छोटी होडी होती, पण इंजिन चांगलं होतं. आमच्या खोलीतून मात्र कूस बदलल्याचा आवाज अधूनमधून येत होता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कुडाळला परतीची कोकणकन्या पकडली. गाडी सुटली, चाकांनी खडखड धरली आणि पिशव्या बाकाखाली सरकवून होईतो ही गाढ झोपली होती. दोन रात्रींनंतर पहिल्यांदाच.