शंभर रात्रींची मुदत

(स्थळ : न्हावा शेवा बंदराच्या रस्त्यावर, दास्तान फाट्याजवळचे गाद्यांचे दुकान. पात्रे : क्लिअरिंग एजंटाच्या कचेरीतून निवृत्त झालेले कारकून, दुकानदार आणि दुकानाचा पोऱ्या.)

दुकानदार : या साहेब, बसता कशाला, आडवेच व्हा! शंभर रात्री निजा, आणि एकशे एकाव्या दिवशी पाठीने तक्रार केलीच, तर गादी आमची, पैसे तुमचे.

कारकून : शेठ, ज्याची हयात बंदरातले दस्तऐवज तपासण्यात गेली, तो मनुष्य आपल्या या औदार्याला अटी किती, याची रुजवात झाल्यावाचून पायातली वहाणदेखील काढणार नाही. परत आणताना मूळ वेष्टन लागत असेल?

दुकानदार : अर्थात! आली तशी गेली पाहिजे.

कारकून : कारखान्यात यंत्राने हवा काढून, गुंडाळून जी खोक्यात कोंबली, आणि खोके फोडताच जी फुगून पलंगभर झाली, ती गादी पुन्हा त्याच खोक्यात आम्ही उभयतांनी गुडघे रोवून बसवायची, असा याचा अर्थ झाला.

दुकानदार : वेष्टन माफ! शिवाय दहा वर्षांची हमी आहेच.

कारकून : मुदत निराळी, हमी निराळी. मुदतीत ‘आवडली नाही’ एवढे कारण पुरते. हमीत दोष शाबीत करावा लागतो. आपल्या या कार्डाबरहुकूम खड्डा इंचाहून खोल असेल तरच तो दोष. पाऊण इंच असेल तर तो माझ्या देहाचा प्रताप! डाग पडला तर हमी रद्द, खोळीची चेन उघडली तरी रद्द.

दुकानदार : चेन उघडायचे कारणच काय? बिल्ल्यावर स्वच्छ छापले आहे, घनता ४०.

कारकून : आत अखंड फोम आहे की फोमचा चुरा चिकटवून दाबलेला ठोकळा आहे, हे बिल्ला सांगत नाही. असो. घनता ४० म्हणजे एक घनमीटर फोमचे वजन ४० किलो. गादी सहा बाय पाच फूट, जाडी सहा इंच. म्हणजे १५ घनफूट. नुसता फोमच सुमारे १७ किलो भरला पाहिजे. घनता ३२ निघाली तर साडेतेराच भरेल. शेजारच्या भंगारवाल्याकडे काटा आहे.

दुकानदार : गादी काट्यावर? साहेब, ही काय सुरमई आहे?

कारकून : खोट्या वजनांपायी जहाजांवरच्या राशी कोसळू लागल्या, तेव्हा १ जुलै २०१६ पासून वजनाच्या दाखल्याखेरीज भरलेला कंटेनर जहाजावर चढेनासा झाला. जी चौकशी परदेशी जाणाऱ्या कांद्याला चुकत नाही, ती माझ्या पाठीखाली येणाऱ्या वस्तूला का चुकावी?

दुकानदार : बरे, पावती तरी करू का? मागे छापलेले वाचून घ्या : ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’

कारकून : वर फलकावर शंभर रात्री, आणि पावतीवर एकही नाही?

दुकानदार : फलक कंपनीचा, पावती माझी.

कारकून : मग कायदा दोघांचा! सदोष माल परत घेण्यास नकार देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते, आणि पावतीवर मुदत लिहिलेली नसली तरी ३० दिवस धरतात. निव्वळ आवडली नाही म्हणून आणलेली गादी आपण नाकारलीत तर हे कलम माझ्या मदतीस येणार नाही. परंतु ४० सांगून ३२ गळ्यात बांधलीत, तर अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगात माझा अर्ज जाईल, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी पडत नाही.

दुकानदार : एका गादीपायी अलिबाग?

कारकून : तीच दगदग नको, म्हणून पारख आधी आणि परतीची बात मागाहून. पूर्वी पिंजारी अंगणात बसून, डोळ्यांदेखत कापूस पिंजून गादी भरीत असे, आणि काही वर्षांनी ती दडस झाली की तोच कापूस पुन्हा पिंजून, तीच गादी फुगवून देत असे. त्या व्यवहारात परतीचे कलम नव्हते, कारण खोळीत काय गेले ते घरधनिणीने स्वतः पाहिलेले असे. आपल्या मालाचे अंतरंग गुप्त, म्हणून त्याला शंभर रात्रींचा जामीन लागतो. तेव्हा रात्री राहू द्या, पावतीवर एवढेच लिहा : ‘अखंड फोम, घनता ४०, फोमचे वजन १७ किलो, कमी भरल्यास पूर्ण रक्कम परत.’ खाली सही आणि शिक्का.

दुकानदार : (लेखणी उचलतो, थबकतो, गादीकडे एकवार पाहतो) अरे पोऱ्या, ही उचल. आतली गादी आण.

पोऱ्या : आतली कंची, शेठ? गिऱ्हाइकाला द्यायची, का आपल्या घरी न्यायची?