मासा न लागलेल्या भाच्यास

माझा भाचा डॅलसजवळ राहतो, चांगल्या पगारावर आहे आणि सध्या जगातला सगळ्यात दुःखी माणूस आहे. त्याला बास लागत नाही. लार्जमाउथ बास म्हणजे अमेरिकेतल्या तळ्यातळ्यांतून असणारा, हिरवट अंगाचा, कुशीवर काळपट पट्टा असलेला आणि नावाप्रमाणेच तोंडाने मोठा मासा. या एका माशासाठी या देशात बोटी विकल्या जातात, मासिकं चालतात, स्पर्धा होतात आणि बक्षिसाचे धनादेश दरवाजाएवढे छापले जातात. आमच्या चिरंजीवांना मात्र शेवाळ लागतं. कधी फांदी लागते. एकदा शेजारच्या गृहस्थाची टोपी लागली, पण ती धरत नाहीत.

फोनवर ठरलेले तीन अंक असतात. "मामा, त्या तळ्यात मासेच नाहीत," हा पहिला. "आहेत, पण माझ्यावर त्यांचा राग आहे," हा दुसरा. तिसऱ्यात नुसते उसासे. मग पुण्याहून माझ्या बहिणीचा वेगळा फोन येतो, "अरे, तो नीट जेवतसुद्धा नाहीये. तू इतकी वर्षं तिथे आहेस, त्याला एखादा मासा मिळवून दे ना!" ताई कडक शाकाहारी. तिच्या स्वयंपाकघरात अंड्याचं नावही हळू आवाजात घ्यावं लागतं. पण पोटच्या पोराचं दुःख बघवेना, तेव्हा तिने मासे माफ केले.

मी भाच्याला आधी इलिनॉय राज्यातल्या रिज लेकची गोष्ट सांगितली. 1975 साली तिथे विद्यापीठाच्या संशोधकांनी एक प्रयोग सुरू केला. चार वर्षं त्या तळ्यात जो जो बास लागेल, त्या प्रत्येक माशाची नोंद करायची, खूण करायची आणि परत पाण्यात सोडायचा. चार वर्षांनी तळं उपसलं. सुमारे 1,700 बास निघाले, आणि त्यांतल्या जवळपास 200 जणांनी त्या सगळ्या काळात एकदाही गळाला तोंड लावलेलं नव्हतं. उलट, एक महाभाग एकाच वर्षात 16 वेळा लागला होता. संशोधकांनी मग न लागणाऱ्यांची सोयरीक न लागणाऱ्यांत आणि लागणाऱ्यांची लागणाऱ्यांत जमवली, पत्रिका वगैरे न बघता. पुढच्या पिढ्यांत दोन्ही घराण्यांतला फरक वाढतच गेला. गळाला लागणं-न लागणं हे बऱ्याच अंशी रक्तातच असतं, असा निष्कर्ष 2009 मध्ये छापून आला. "तेव्हा," मी म्हटलं, "तुझी गाठ कदाचित त्या 200 जणांच्या भावकीशी पडली असेल. यात तुझा अपमान काही नाही."

"मग मी कुठलं आमिष घेऊ?" असा त्याचा प्रश्न आला. इथेच सगळं दुखणं आहे. सॉफ्टवेअरमधला माणूस. काही चाललं नाही की नवीन काहीतरी विकत घ्यायचं, एवढंच त्याला शिकवलेलं. त्याच्या पेटीत आज इतकी आमिषं आहेत की एखादी नगरपालिका सहज लढवता येईल. खुळखुळणारी आहेत, चकाकणारी आहेत, रबरी झालर लावलेला बेडूक आहे, बदकाचं पिल्लू आहे आणि लसणाच्या वासाची प्लास्टिकची गांडुळं आहेत. दर पाच मिनिटांनी तो आमिष बदलतो. त्यामुळे दिवसातला बराच वेळ त्याचा गळ पाण्यात नसतो, हातात असतो. हातात मासे नसतात, हे मी त्याला प्रेमाने सांगितलं.

मग एकाच आमिषावर काय होऊ शकतं, त्याचीही गोष्ट सांगितली. 2 जून 1932 रोजी जॉर्जिया राज्यात पाऊस झाला. शेतात चिखल, नांगर धरता येईना, म्हणून जॉर्ज पेरी नावाचा तरुण शेतकरी मित्राला घेऊन मॉन्टगोमेरी लेकवर गेला. दोघांत मिळून आमिष एकच, अशी गोष्ट सांगतात. त्या एका आमिषावर त्याने 22 पौंड 4 औंसांचा बास काढला. म्हणजे दहा किलोंहून थोडा जास्तच. माणूस व्यवहारी. वजन करून घेतलं, मासा घरी नेला आणि घरच्यांनी खाल्ला. पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ जगातला कोणीही त्याच्या विक्रमाची बरोबरी करू शकला नाही.

म्हणून भाच्याला सांगितलं, पेटी माळ्यावर टाक. पाच इंचांचं एक साधं, मऊ प्लास्टिकचं गांडूळ घे. या प्रकाराचा मूळपुरुष ओहायोतल्या अक्रन गावचा निक क्रीम. त्याने 1949 साली असली गांडुळं बनवून विकायला काढली आणि तेव्हापासून बासच्या घराण्याला शांतता नाही. त्या गांडुळाच्या बरोब्बर मध्यावर गळ टोच, दोन्ही बाजू लोंबू देत. शिसं बांधू नकोस. पाण्यात टाक आणि पुढे काहीही करू नकोस. ते आपल्या वजनाने थरथरत खाली जातं, आणि बास बहुतेक वेळा ते जातानाच उचलतो. तळाला टेकलं की मनातल्या मनात दहा अंक मोज, टोक जरासं उचल, पुन्हा पडू दे. तेवढ्या वेळात दोरीकडे बघ. दोरी आपण होऊन बाजूला सरकायला लागली की समज, पलीकडे कोणीतरी आहे.

हे 'काही करू नकोस' त्याला सगळ्यात जड गेलं. विहिरीतून पोहरा ओढावा तशी तो दोरी ओढतो. गांडूळ पाण्यात इतक्या वेगाने पळालेलं कुठल्याही माशाने आयुष्यात पाहिलेलं नाही. त्याला भूक लागण्याऐवजी संशय येणार.

फेकायचं कुठे, यावरही आमचे मतभेद आहेत. भाचा तळ्याच्या मध्यावर फेकतो, कारण लांब फेकलं की पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. काठावर उभे असलेले सगळेच मध्यावर फेकतात, आणि ज्यांनी कर्ज काढून बोट घेतली ते मध्यावर जाऊन काठाकडे फेकतात. दोघांतला बोटवाला बरोबर असतो, फक्त त्याचे पैसे जास्त गेलेले असतात. बास पाठलाग करणारा मासा नाही. तो दबा धरून बसतो. पाणगवत, पडलेलं झाड, लाकडी धक्क्याची सावली अशा ठिकाणी अंग चोरून राहायचं आणि समोरून काही गेलं की जबडा उघडायचा, हा त्याचा चरितार्थ. तेव्हा काठाला समांतर फेक, गवताच्या कडेकडेने. आणि तळ्यावर पाय आपटत येऊ नकोस. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना एक रेघ असते, तिने त्याला पाण्यातली बारीकशी धडधडही कळते. तू गाडीचं दार लावतोस तेव्हाच अर्धं तळं सावध झालेलं असतं.

राहता राहिली वेळ. टेक्सासच्या जुलैत सकाळी दहाला उठून, पोहे खाऊन, अकराला तळ्यावर पोचणाऱ्या माणसाला मासा लागत नाही, ऊन लागतं. बास तेव्हा सावलीला नाहीतर खोल पाण्यात असतो. पहाटे जा, तिन्हीसांजेला जा, ढगाळ दिवशी जा.

एवढं सगळं ऐकूनही तो उदासच होता. तेव्हा मी माझा हुकमी सल्ला काढला. बास विसर, काही दिवस ब्लूगिल धर. ब्लूगिल हा तळहाताएवढा, चपटा, बासच्याच कुळातला आणि सदैव भुकेला मासा. बारीक गळ, वर एक बूच आणि मळलेल्या पोळीची गोळी एवढ्या भांडवलावर लागतो. भाचा दुखावला. "ते पोरांसाठी असतं, मामा." पोरांना मासे लागतात आणि तुला लागत नाहीत, तेव्हा सध्या पोरांचं ऐकलेलं बरं, असं मी म्हटलं. शिवाय पेरीच्या विक्रमाला शेवटी कोणी गाठलं? जपानच्या मानाबू कुरिताने, 2 जुलै 2009 रोजी, बिवा सरोवरात. आणि त्याच्या गळाला आमिष होतं ते जिवंत ब्लूगिलचं. त्याचा मासा पेरीच्या माशापेक्षा 0.97 औंस जास्त भरला, पण नवा विक्रम व्हायला निदान 2 औंस जास्त लागतात, म्हणून दोघं बरोबरीत. तेवढ्यासाठी बिचाऱ्याला खोटं पकडण्याच्या यंत्रापुढे बसवलं, आणि तो पास झाला. मासे धरणाऱ्यांच्या इतिहासात खरं बोलल्याचा दाखला असलेला माणूस मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

लागलेल्या माशाचं पुढे करायचं काय, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. आमच्या सासूबाई मालवणच्या. सहा महिने राहायला आल्या होत्या तेव्हा मी मोठ्या हौसेने त्यांना माझे बास दाखवले, फोनवर. त्यांनी चष्मा पुसून सगळे फोटो पाहिले आणि विचारलं, "मासो धरल्यात, फोटो काढल्यात आणि परत सोडल्यात? मगे गेल्यात कित्याक?" मी त्यांना समजावलं, की बासच्या मोठ्या स्पर्धा सुरू करणाऱ्या रे स्कॉट नावाच्या गृहस्थाने 1972 पासून मासे जिवंत सोडण्याची पद्धत रूढ केली, त्यामुळे मासे टिकतात. त्यांना ते पटलं नाही. बिवा सरोवरात बास हा बाहेरून आलेला उपद्रवी मासा ठरल्यामुळे धरल्यावर परत सोडायला बंदी आहे, हे कळल्यावर मात्र जपानी लोकांबद्दल त्यांचं मत एकदम चांगलं झालं. ताईला अर्थात स्कॉट आवडला. धरा, फोटो काढा, सोडा. घरात वास नाही, भांडी वेगळी नकोत.

भाच्यासाठी शेवटचं. टेक्सासमध्ये सतरा वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला परवाना काढावा लागतो, पण राज्य उद्यानांच्या हद्दीत काठावरून मासे धरायला तो लागत नाही. तिथल्या एखाद्या लहानशा पाण्यावर पहाटे जा. काठी एक, गांडूळ एक, फोन गाडीत. मासा लागला तर आईला आधी कळव, मला नंतर.

आणि डॅलस परिसरातल्या वाचकांना एक विनंती. त्याची ती पेटी आम्हाला निम्म्या किमतीत काढायची आहे. माल कोरा आहे. एकाही आमिषाला माशाने तोंड लावलेलं नाही.