ठमीच्या वाटीचं प्रकरण

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोमचे, रुग्ण एकामागून एक सापडायला लागले. काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जिवाणू निघाला, पाण्यावर संशय गेला, आणि आमच्या सोसायटीत घरोघरी मोठी पातेली गॅसवर चढली. यात हसण्यासारखं काही नव्हतं. लोक घाबरले होते आणि पाणी उकळून पिण्यात शहाणपणच होतं. हसण्यासारखं सुरू झालं ते माणसांचं पाणी उकळून, गाळून, झाकून झाल्यावर माझ्या हाताशी थोडा वेळ शिल्लक राहिला तेव्हा.

"आणि ठमीचं काय?" मी विचारलं.

"ठमी बाथरूमच्या बादलीतलं पिते," बायको म्हणाली. "कपडे भिजत घातलेले असले तरी."

"तेच तर म्हणतोय मी!"

ठमी ही आमची मांजर. आमची म्हणजे पार्किंगमधून एकदा वर आली आणि परत गेली नाही, एवढंच. मांजरांचे पूर्वज आफ्रिकेतल्या आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातले. कमी पाण्यात भागवायची त्यांच्या मूत्रपिंडांची सवय अजून सुटलेली नाही. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण दोनशे मिलिलिटर पाणी पुरतं, तेही खाण्यातून येणारं धरून. एवढंसं पिणाऱ्या जिवाला ते एवढंसं तरी निर्जंतुक मिळावं, हे मी जेवताना सगळ्यांना समजावून सांगितलं. आईने ताक वाढलं.

ठमीच्या निळ्या प्लॅस्टिकच्या वाटीत उकळून गार केलेलं पाणी पडू लागलं. ठमीने वास घेतला आणि ती तुळशीच्या कुंडीखालच्या ताटलीकडे गेली. मग मी लोकांना सल्ला विचारला. पुण्यात सल्ला विचारू नये. न विचारताही पुरेसा मिळतो. एकाने तुरटी फिरवायला सांगितली. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, जिवाणू मरतातच असं नाही, हे मला वाचून कळलं ते तुरटी फिरवून झाल्यावर. दुसऱ्याने तांब्याचं भांडं सुचवलं. तांबं जिवाणू मारतं हे खरं, पण त्याला रात्रभराचा वेळ लागतो, आणि ठमीने तेवढा दिला नाही. भांडं पहाटेच आडवं झालं. मेडिक्लोर या क्लोरीनच्या थेंबांवर तिने माझ्याकडे असं पाहिलं की ती बाटली मी स्वतःच उचलून ठेवली.

तळमजल्यावरचे नानाकाका पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले. ते जिन्यात भेटले.

"अहो, उकळलंत म्हणजे क्लोरीन घालवलंत! लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी नळाच्या शेवटच्या टोकापर्यंत उरलं पाहिजे, असं भारतीय मानक आहे. ते कशासाठी? नंतर काही पडलं तर त्याला पुरून उरायला. झाकलेल्या पिंपात तुमचं उकळलेलं पाणी उत्तम. पण मांजराच्या उघड्या वाटीत त्याला वाली कोण?"

"मग काय करू?"

"नळाचं घाला. रोज बदला."

इतका फुकटचा सल्ला मला कधीच पटत नाही. मी मांजरांचं कारंजं मागवलं.

कारंजं देखणं होतं. मध्ये पाकळ्यांचं फूल, त्यातून पाण्याची धार, खाली पंप, आणि तीन थरांचा फिल्टर: स्पंज, रेझिन आणि करवंटीचा कोळसा. हा कोळसा पाण्यातून जे काही काढतो त्यात क्लोरीनचा नंबर फार वरचा आहे. म्हणजे महापालिकेने घातलेला राखणदार काढून टाकायचं यंत्र मी सुट्या फिल्टरांसकट विकत घेतलं होतं. ठमीने पहिल्या दिवशी धारेला पंजा मारला. पुढे पुढे ती चक्क त्यातून पिऊ लागली. मी घरात छाती काढून फिरत होतो.

एवढ्यावर थांबलो असतो, पण मला पुरावा हवा होता. माझा मावसभाऊ भोर तालुक्यात एका ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक आहे. विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकायची, पाण्याचे नमुने तपासायचे, हे त्याचं काम. त्याच्याकडे एच-टू-एसच्या बाटल्या असतात. बाटली अंगठ्याएवढी, तळाशी वाळलेलं खाद्य. खुणेपर्यंत पाणी भरायचं, उबेत ठेवायचं आणि एक-दोन दिवस वाट पाहायची. विष्ठेबरोबर येणारे जिवाणू असले तर त्यांचा हायड्रोजन सल्फाइड वायू आतल्या लोहाशी मिळतो आणि पाणी काळं पडतं. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये मांडलेली ही चाचणी प्रयोगशाळेशिवाय होते, म्हणून ती गावोगावी पोचली.

मावसभाऊ म्हणाला, "दादा, ही गावच्या पाण्यासाठी असते. मांजरासाठी कोणी मागितली नव्हती." पण दिली.

उबेचा प्रश्न होता. घरात बारमाही ऊब असलेली जागा एकच, सेट-टॉप बॉक्सवरची. तिथे आई थंडीत विरजण लावलेलं पातेलं ठेवते. बाटलीत कारंज्यातलं पाणी भरून ती मी पातेल्याच्या मागे उभी केली आणि कोणाला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाटलीतलं पाणी काळं झालेलं होतं. करडं नाही, मळकट नाही. दिव्यापुढे धरलं तरी पलीकडचं बोट दिसेना. अशी बाटली उघडायची नसते, हे वेष्टनावर मराठीत, ठळक छापलेलं होतं. मी झाकण फिरवलं.

आमच्या घरात तीन पिढ्यांत अंडं आलेलं नाही. आई देवघरातून उठून थेट बाहेर आली.

"अंडं कोणी आणलं?"

"अंडं नाहीये आई, वायू आहे."

"नासकं अंडं आहे. मी काय ओळखत नाही?" तीन पिढ्यांत न आलेल्या वस्तूचा नासका वास तिला कसा ओळखू येतो, हे विचारायची ती वेळ नव्हती. तेवढ्यात तिला पातेलं दिसलं, पातेल्यामागे बाटलीची खूण दिसली, आणि मग सगळंच दिसलं. दही मोरीत गेलं. पातेलं चिंचेने घासून उन्हात पडलं. बाटलीत ब्लीचिंग पावडर ओतून, ती दोन पिशव्यांत बांधून मी खाली गेलो, तेव्हा नानाकाका दारातच उभे होते. वास जिन्यानेही उतरला होता.

काळ्या बाटलीचा फोटो आणि ठमी घेऊन मी प्राण्यांच्या डॉक्टरांकडे धावलो. त्यांनी फोटो पाहिलाही नाही. ठमीची हनुवटी वर करून केस बाजूला केले. तिथे कॉफीच्या भुकटीसारखे काळे कण चिकटलेले होते.

"मांजरांना हनुवटीवर मुरुमं येतात. भांडं प्लॅस्टिकचं आहे का? ओरखड्यांत घाण राहते, म्हणून आम्ही आधी ते बदलायला सांगतो."

"आणि जिवाणू कुठून आले?"

"ही जिभेने काय काय साफ करते, बघितलंय ना कधी?"

बघितलं होतं, पण दोन गोष्टी जोडल्या नव्हत्या. मांजर पाणी कसं पितं यावर एमआयटीच्या संशोधकांनी अतिवेगवान छायाचित्रण करून २०१० मध्ये लेख प्रसिद्ध केला. जिभेचं टोक पाण्याला नुसतं टेकतं, झटकन वर येताना पाण्याची बारीक दांडी ओढून आणतं, आणि दांडी तुटायच्या आत तोंड मिटतं. सेकंदाला साधारण चार वेळा. ज्या जिभेने शेपटीखालपर्यंतचा सगळा मुलूख स्वच्छ केला, तीच सेकंदाला चारदा माझ्या त्रिस्तरीय शुद्ध पाण्याला लागत होती.

"कारंज्याचा पंप उघडून घासता ना?" डॉक्टरांनी विचारलं.

पंप उघडतो, हेच मला माहीत नव्हतं. घरी येऊन उघडला. आतल्या पात्यांवर बुळबुळीत थर, नळीत तोच, आणि फुलाच्या देठाशी गुलाबी छटा. ही बुळबुळ म्हणजे जिवाणूंनी स्वतःभोवती विणलेलं चिकट घर. लेव्हेनहुकने १६८३ मध्ये स्वतःच्या दातांवरचं किटण खरवडून भिंगाखाली धरलं आणि त्यात वळवळणारे जीव पाहिले, ते याच जातीचं घर. पाणी बदलून ते जात नाही, वाहत्या धारेने तर नाहीच, घासावंच लागतं. मी मोरीवरचा जुना टूथब्रश घेतला. तो जुना नव्हता, हे मुलीने नंतर सांगितलं.

आता ठमीला स्टीलची पसरट वाटी आहे. आई ती रोज भांड्यांच्या साबणाने, वेगळ्या घासणीने घासते आणि नळाचं पाणी भरते. हनुवटी साफ झाली आहे. ठमी बादलीतलंही पिते.

वाचकांपैकी कोणाला मांजराचं कारंजं हवं असेल तर कळवावं. पंप चालू आहे, सुटे फिल्टर फुकट देईन. घासायचा ब्रश आपापला आणावा.