करवलीसाठी सूचना: नवरीचा बेस पाठवणीपर्यंत कसा राखावा

पूर्वी करवलीच्या हातात करा असे. पाण्याने भरलेला, वर आंब्याची पाने आणि नारळ. तो सांडू द्यायचा नाही, एवढेच तिचे काम. हल्ली करा कार्यालयवालेच पुरवतात आणि फोटो झाला की तो खुर्चीखाली जातो. करवलीच्या हातात आता टिपकागद असतो, आणि तिने सांडू द्यायचा नाही तो नवरीचा चेहरा. मी सात लग्नांत करवली होते. आठव्यात माझी मावशीपदी बढती झाली, म्हणून हा कार्यभार लेखी सोपवत आहे.

सुरुवातीलाच एक समजून घ्यावे. मेकअपवाली पहाटे पाचला येते, नऊला जाते. तिला ‘दुसरी ब्राइड’ असते. बेस ती लावते, राखायचा तुम्ही. मुहूर्त १२ वाजून ४१ मिनिटांचा, पाठवणी संध्याकाळी पाचला, म्हणजे एकूण बारा तासांची राखण. याद्यांच्या बैठकीत मानाच्या साड्या, पंगती, वरपक्षाच्या खोल्या, सगळे लिहून घेतात. हवामान कोणी लिहून घेत नाही. गोरज मुहूर्ताचा आग्रह धरून पाहावा. तुमचे कोणी ऐकणार नाही, पण पुढे ‘मी म्हटलं होतं’ म्हणता येते.

मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५च्या पुढे जातो, पण हवा कोरडी. घाम येतो तसा उडून जातो. तिथे बेस वितळत नाही, तडकतो. रत्नागिरीत, ठाण्यात, मुंबईत पारा दहा अंश खाली, पण हवेलाच घाम फुटलेला असतो. आपला घाम उडून जाणार कुठे? तो चेहऱ्यावरच मुक्काम करतो. तेव्हा विदर्भातल्या करवलीने नवरीला पाणी पाजत राहावे, कोकणातलीने पंखा ताब्यात घ्यावा. घाटावरच्या करवलीचे बरे असते, पण तिने ते बोलून दाखवू नये.

आता शत्रू ओळखावा. मॅट फाउंडेशन म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड आणि लोहाची पिवळी, तांबडी, काळी ऑक्साइडे. बहुतेक वेळा सिलिकॉनमध्ये कालवलेली. लावल्यावर त्यातला उडून जाणारा भाग उडतो आणि मागे रंगाचा पातळ पापुद्रा उरतो. तेल पिण्यासाठी त्यात सिलिका किंवा शाडूसारखी माती घातलेली असते. ती सकाळभर निमूट तेल पिते. पण चेहऱ्यावर, विशेषतः कपाळ आणि नाकाच्या पट्ट्यात, चौरस सेंटिमीटरला ४०० ते ९०० तैलग्रंथी असतात आणि त्यांना मुहूर्त माहीत नसतो. दुपारपर्यंत माती पिऊन तृप्त होते. मग तेल वर येते. आधी नाकावर, मग कपाळावर, मग हनुवटीवर. मी हा क्रम एका लग्नात मोजला आहे. कार्यालयाचा एसी बंद पडला होता, जनरेटरवर फक्त दिवे होते आणि मुलीच्या तिन्ही आत्यांनी स्वतः रचलेली मंगलाष्टके आणली होती. चौथ्या अष्टकाला नाक, सहाव्याला कपाळ, आणि शेवटच्या ‘सावधान’ला सगळा चेहरा असा उजळला की व्हिडिओवाल्याने आपला दिवा बंद केला.

म्हणून पहाटे मेकअपवालीच्या डोक्यावर उभे राहावे. ती ओरडेल. उभेच राहावे. तेलकट त्वचेला मॉइश्चरायझर नको, हा समज चूक आहे. कोरड्या जमिनीवर मॅट बेस भेगाळतो. पातळ थर द्यावा, त्यावर सनस्क्रीन, आणि मग दहा-पंधरा मिनिटे थांबावे. या शास्त्रातली सर्वांत अवघड पायरी हीच, थांबण्याची. कारण याच दहा मिनिटांत आत्या दार ठोठावतात. ‘‘अगं झालं का? गौरीहराशी बसायचंय ना तिला?’’ दाराला आतून कडी असावी.

त्यानंतर प्रायमर, तोही सगळीकडे नव्हे, नाक, कपाळ आणि हनुवटीपुरता. इथे गोत्र पाहावे. लग्नात सगोत्र चालत नाही. बेसमध्ये सगोत्रच चालते. फाउंडेशन सिलिकॉनचे असेल तर प्रायमरही सिलिकॉनचा, पाण्याचे असेल तर पाण्याचा. गोत्र जुळले नाही तर दोघांचे पटत नाही. चेहऱ्यावर खोडरबराच्या वळ्या निघतात आणि घटस्फोट नऊच्या आत होतो. फाउंडेशन लावताना स्पंज ओला करून घट्ट पिळलेला असावा. थर पातळ, हवा तर दुसरा, तोही पातळ. गिलावा नको. जाड गिलावा कुठल्याही भिंतीचा पडतो, आणि ही भिंत दिवसभर हसणार आहे. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतच्या हसण्याच्या रेषांवर तर नावापुरतेच. पावडर फासू नये, पफ दुमडून दाबावी. शेवटी सेटिंग स्प्रे, डोळे-तोंड मिटून. सेटिंग स्प्रे आणि केसांचा स्प्रे जवळचे नातेवाईक आहेत, दोघांतही पापुद्रा धरणारी पॉलिमरे असतात. पण म्हणून एकाच्या जागी दुसरा वापरू नये. आमच्या घरात हा प्रयोग झाला आहे. नवरीला दुपारपर्यंत भुवया उचलता येईनात, आणि सासरच्यांचा समज झाला की मुलगी फार शांत स्वभावाची आहे.

रंगाबद्दल माझे मत कडक आहे, ते इथेच सांगते. ‘थोडं उजळ करू या ना’ असे कोणीतरी म्हणतेच. बहुधा ज्यांच्या लहानपणी घरात अफगाण स्नोची बाटली होती, त्या पिढीतले कोणीतरी. हा स्नो १९१९ साली मुंबईच्या पाटणवालांनी काढला आणि त्याबरोबर आलेली गोरेपणाची हौस बाटली संपली तरी संपलेली नाही. करवलीने ठाम नकार द्यावा. दोन छटा उजळ बेस लावला की चेहरा एका मुलीचा, मान दुसरीची आणि हात तिसरीचे दिसतात. नवरदेवाने वरमाला नक्की कोणाच्या गळ्यात घातली, हे अल्बम पाहून ठरवावे लागते. शिवाय सिलिकाची बारीक पांढरी पावडर उजेडात दिसत नाही, फ्लॅशमध्ये दिसते. प्रत्यक्षात नवरी छान आणि फोटोत पिठाच्या गिरणीतून आलेली. म्हणून कार्यालयात उतरण्यापूर्वी खोलीतच मोबाइलचा फ्लॅश लावून एक फोटो काढावा. आदल्या दिवशीची हळदही हिशेबात धरावी. महिन्यापूर्वीच्या ट्रायलला जो चेहरा होता तो आता पिवळा आहे. हळद गालावर बोटभर लावायची असते, हे नणंदांना माहीत असते. त्या ऐकत नाहीत.

इथपर्यंतचे सगळे रसायनशास्त्र होते. ते सोपे आहे. तेल, घाम, हवा यांच्याशी बोलणी करता येतात. खरा प्रश्न नातेवाइकांचा आहे.

पहिला हल्ला सुवासिनींचा. एकेक येणार, कपाळावर हळद लावणार, कुंकू लावणार आणि मायेने गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटे मोडणार. त्या बोटांवर गाल गेलेला असतो. अकरा सुवासिनी म्हणजे अकरा वेळा गाल. त्यांना अडवता येत नाही, पाप लागते. पण वाकून नमस्कार करायला लावले की नवरीचा चेहरा खाली जातो आणि मायेचा हात डोक्यावर पडतो. प्रत्येकीपुढे नवरीला वेळेत वाकवावे. संस्कारांची वाहवा होते ती वेगळी. कुंकवाची पूड नाकावर उतरली तर बोट लावू नये, स्वच्छ कोरड्या ब्रशाने उडवावी.

मग मुंडावळ्या. दोन्ही कानशिलांवर त्यांचे मोती दिवसभर घासत राहतात आणि बेसमध्ये सरळ दोन पायवाटा पाडतात. त्या वाटेवर आधीच जास्त पावडर दाबून ठेवावी. अंतरपाट दूर होताना अक्षता पडतात, ती आयती परीक्षा आहे. गालावर पडलेला दाणा घरंगळला तर बेस बसला. चिकटला तर अजून ओला आहे. तीन किंवा अधिक दाणे चिकटले, तर करवलीने फोटोग्राफरला बुफेकडे पाठवावे.

होमापुढे कोणाचे काही चालत नाही. भटजींचा पहिला हुकूम असतो, ‘‘पंखा बंद करा.’’ समोर अग्नी, वरून तुपाची धार, धूर नेमका नवरीकडे. भाऊ ओंजळीत लाह्या घालतो, ती अग्नीत सोडते आणि दर खेपेला चेहरा हातभर पुढे जातो. माझा सल्ला वादग्रस्त आहे, पण लाह्या घालणारा भाऊ धिप्पाड निवडावा. त्याची सावली पडते.

याच वेळी पदराआडून टिपकागद काढावा. मराठीने करवलीवर एक उपकार केला आहे. तिने ‘पुसणे’ आणि ‘टिपणे’ हे दोन वेगळे शब्द ठेवले आहेत. पुसते ती आई, स्वतःच्या पदराने, आडवा हात मारून. एका हातात चार तासांचा मेकअप पदरावर. टिपायचे म्हणजे कागद ठेवायचा, दाबायचा, सरळ उचलायचा. कागद पारदर्शक झाला की समजावे, तेल आले. आधी टिपावे, मगच पावडर. तेलावर पावडर म्हणजे थालीपिठाची तयारी. हा कागद जपानमधून आला, सोन्याचा वर्ख कुटणाऱ्यांच्या कागदातून. वर्ख आपल्याकडेही कुटतात. आपण तो बर्फीला लावला आणि कागदाकडे लक्ष दिले नाही. कागद संपला तर टिश्यूचे दोन पदर सोडवून एकच वापरावा.

घास भरवताना नवरदेवाला जिलेबी अर्धी करायला सांगावे. सबंध जिलेबीचा पाक हनुवटीवर उतरतो, आणि पाक टिपला जात नाही. उखाण्याच्या वेळी नवरी हसणार, ते रोखू नये. आमच्या एका मुलीने ऐन वेळी स्वतःच रचला:

तेल नाही, घाम नाही, चेहरा ठेवला कोरा,
…रावांचं नाव घेते, आता पंखा इकडे करा.

पंखा मिळाला.

सगळे करून बेस फुटलाच, तर नवरीला तसे सांगू नये. आणि तिला एक दिलासा द्यावा, की ही भानगड तिच्यापासून सुरू झालेली नाही. हॉलिवूडमध्ये रंगीत सिनेमा आला तेव्हा नट्यांच्या चेहऱ्यावरचे तेलकट रंग टेक्निकलरच्या प्रखर दिव्यांत चमकू लागले. मॅक्स फॅक्टर कंपनीने १९३७च्या सुमारास त्यावर पॅन-केक काढला, ओल्या स्पंजने लावायची वडी. नट्या तो सेटवरून घरी नेऊ लागल्या, मग तो बाजारात आला. त्या दिव्यांपुढे टेक संपला की ‘कट’ म्हणणारा कोणी होता. भटजी ‘कट’ म्हणत नाहीत. खरे गुरू मला विचाराल तर कोकणातले दशावतारी. जत्रेत, देवळाच्या कडेला, आरसा पुढ्यात घेऊन आपला चेहरा आपणच रंगवतात, स्त्रीपार्टी पुरुष पहाटेपर्यंत राणी होऊन वावरतो, युद्धे होतात, शोक होतो आणि रंग जागचा हलत नाही. अर्थात त्यांच्या रंगपटात आत्या येत नाहीत.

पाठवणीला रडू येणार. रडू द्यावे, पण पुढे झुकून. मान सरळ असेल तर अश्रू गालावरून ओघळून वाट पाडतो. झुकली असेल तर पापणीवरून थेट जमिनीवर पडतो. उरलेल्यासाठी टिश्यूचा टोकदार कोपरा, खालच्या पापणीच्या कडेला, नजर वर. आई मिठी मारणार. मुलीचा गाल आईच्या खांद्याच्या बाहेर राहील अशी व्यवस्था करावी. मला सात लग्नांत एकदाही जमले नाही. माझ्या बहिणीच्या मोतिया पैठणीवर लेकीचा डावा गाल अजून आहे, आणि ती पैठणी ड्रायक्लीनला देऊ देत नाही.

करवलीचे काम गाडीच्या दारापाशी संपते. त्यापुढे सूनमुख. सासू सुनेला शेजारी बसवून आरशात तिचे मुख पाहते, आणि बारा तासांची तुमची मेहनत त्या आरशात तपासली जाते. ते बहुधा ठीक पार पडते, कारण तोवर दिवे लागलेले असतात आणि सासूबाईंनी चष्मा पर्समध्ये ठेवलेला असतो.

एक मात्र निघण्यापूर्वी नवरीच्या कानात सांगावे. दिवसभर टिकणारे फाउंडेशन रात्रीही टिकते. पाण्याने, साबणाने ते जात नाही. जाते ते तेलाने, ज्याच्याशी आपण दिवसभर वैर धरले त्याच तेलाने. साधे खोबरेल तळव्यावर घेऊन चेहऱ्यावर हलके चोळावे, सगळे सुटते, मग फेसवॉश. छोटी बाटली तिच्या बॅगेत वरच ठेवावी. माझ्या पाचव्या नवरीच्या बॅगेत मी ती ठेवायला विसरले. ती इतकी दमली होती की तशीच झोपली. सकाळी सासूबाई चहा घेऊन गेल्या तेव्हा सून न्हाणीघरात होती आणि उशीच्या पांढऱ्याशुभ्र अभ्र्यावर तिचा सबंध चेहरा होता, भुवयांसकट. सूनमुख त्यांना दुसऱ्यांदा दिसले, आणि या वेळी चष्मा डोळ्यांवर होता.