कुटुंबवत्सल माणसाची आवराआवर

वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता वाचल्या की वाटतं, महाराष्ट्रात तिरसट माणूस मरतच नाही. जो जातो तो मनमिळाऊ असतो, धार्मिक वृत्तीचा असतो आणि कुटुंबवत्सल तर असतोच असतो. हयातीत ज्यांनी बायकोला कधी 'तू जेवलीस का?' असं विचारलं नाही, तेही त्या चार ओळींत कुटुंबवत्सल होऊन जातात. शेवटचं वाक्य ठरलेलं: त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगे, मुली, नातवंडे असा परिवार आहे. त्या परिवाराचं पुढे कसं व्हायचं, ते बातमीत येत नाही.

रँडी पॉश नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने मात्र याच शेवटच्या वाक्यावर जवळजवळ वर्षभर काम केलं. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात तो संगणकशास्त्र शिकवायचा. २००६ मध्ये त्याला स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. हा अवयव जठरामागे दडून बसलेला, त्यामुळे दुखणं बाहेर दिसू लागेपर्यंत बहुतेकदा उशीर झालेला असतो. शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी झाली, आणि २००७ च्या ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी सांगितलं की रोग यकृतात पोचलाय; धडधाकटपणाचे तीन ते सहा महिने हाताशी आहेत. वय ४६. घरात तीन पोरं: एक ५ वर्षांचा, एक २ वर्षांचा आणि धाकटी १ वर्षाची.

अशा वेळी आपल्याकडचा माणूस काशीचा विचार करतो. पॉशने बिऱ्हाड हलवलं. पिट्सबर्ग सोडून तो व्हर्जिनियातल्या चेसापीकला, बायकोच्या माहेरच्या माणसांजवळ राहायला गेला. जावयाने आपण होऊन सासरवाडीच्या जवळ जायचं म्हणजे एरवी चेष्टेचा विषय. पण त्याचा हिशोब सरळ होता: आपण गेल्यावर तीन पोरं घेऊन हिने कुणाकडे बघायचं? थोरल्याला त्याने डॉल्फिनबरोबर पोहायला नेलं, मधल्याला डिस्ने वर्ल्डमध्ये मिकी माउसला भेटवून आणलं. धाकटीला यातलं काहीच आठवणार नव्हतं, म्हणून मुलांसाठी व्हिडिओ करून ठेवायचं काम सुरू झालं. गावाला निघताना आपण गॅस बंद करतो, दूधवाल्याला निरोप देतो, किल्ली शेजारी ठेवतो, तसंच सगळं चाललं होतं. फक्त परतीचं तिकीट नव्हतं.

या आवराआवरीत विद्यापीठात एक भाषण द्यायचं मध्येच उपटलं. बायकोला ते मुळीच पसंत नव्हतं. उरलेल्या दिवसांतले काही घरातून वजा होणार. शिवाय भाषण १८ सप्टेंबरला, म्हणजे विमान आदल्या दिवशीचं, आणि त्याच दिवशी तिचा वाढदिवस. नवऱ्यांना असल्या तारखा बरोबर सापडतात! पॉश गेला. व्यासपीठावर यकृतातल्या गाठींची छायाचित्रं दाखवली आणि आपण अजून ठणठणीत आहोत हे पटावं म्हणून तिथेच जोर मारले. मरणाच्या दारात माणसाला उपरती होते म्हणतात, तशी मलाही झाली, असं गंभीरपणे सांगून पुढे म्हणाला की मी मॅकिंटॉश विकत घेतला. शेवटी शेवटी बायकोसाठी केक आणवला आणि भरल्या सभागृहाकडून तिच्यासाठी वाढदिवसाचं गाणं म्हणवून घेतलं. वाढदिवस चुकवल्याची इतकी जाहीर भरपाई क्वचितच कुणी केली असेल. हे भाषण पुढे जगभर लाखो लोकांनी पाहिलं, पण समारोपात त्याने सांगूनच टाकलं होतं की हा खटाटोप मुलांसाठी होता. म्हणजे समोर सगळे विद्वान बसलेले, आणि खरा श्रोतृवर्ग घरी दूध पीत होता.

भाषणाचं पुस्तक करायचं ठरलं तेव्हा मुलांचा वेळ त्यात घालवायला तो तयार नव्हता. तब्येतीसाठी तो रोज सायकल चालवायचा. तेवढ्या वेळात कानाला हेडसेट लावून जेफ्री झॅस्लो या पत्रकाराला मजकूर सांगायचा. अशा ५३ फेऱ्यांमध्ये पुस्तक झालं. आपल्याकडे लेखक लिहायला बसला की अख्ख्या घराने कुजबुजत बोलायचं असतं, हे इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

पण मला खरा पॉश भेटतो तो आजाराच्या कितीतरी आधी, लग्नही व्हायच्या आधी. टप उघडणारी नवी कोरी गाडी घेऊन तो भाच्यांना फिरवायला आला. बहीण पोरांना दटावत होती: मामाची नवी गाडी आहे, पाय पुसा, काही सांडू नका. पॉशने सोड्याचा कॅन फोडला आणि शांतपणे मागच्या सीटवर उपडा केला. पोरं बघतच राहिली. पुढे एकदा भाच्याला फ्लू होता आणि तो त्याच सीटवर ओकला. पण बिचाऱ्याला अपराधी वाटायचं कारणच उरलं नव्हतं. आमच्याकडे नव्या गाडीच्या सीटचं प्लास्टिक पुढची दिवाळी येईपर्यंत निघत नाही. पॉशच्या बायकोने एक गाडी मागे घेताना दुसरीवर आदळली, तेव्हाही हा म्हणाला की दोन्ही चालताहेत ना, मग पोचे राहू देत.

२५ जुलै २००८ ला तो गेला, ४७ व्या वर्षी. डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीपेक्षा बरंच जास्त जगून. लोक म्हणतात, त्याला मरणाची तारीख कळली होती, म्हणून तो इतका शहाण्यासारखा वागला. आपल्याला ती कळलेली नाही, म्हणून आपण स्कूटरला ओरखडा गेला तरी घर डोक्यावर घेतो. सबब उत्तम आहे, पण टिकत नाही. सीटवर सोडा ओतला तेव्हा त्यालाही कुठली तारीख कळलेली नव्हती. तेव्हा आपणही निदान ते प्लास्टिक काढून टाकायला हरकत नाही.